अनुराधपूरही पाहू, समुद्रावरही बसू

मागच्या महिन्यात माझे एक जुने मित्र घरी आले. रेल्वेच्या माल विभागातून निवृत्त झालेले, तीस वर्षे वस्तीतल्या विहाराचे काम केलेले गृहस्थ. हातात सहल कंपन्यांची तीन रंगीत पत्रके होती. मुलगा म्हणतो थायलंड, सून म्हणते बाली, वहिनी म्हणतात जिथे बुद्ध आहे तिथे चला. आणि सगळ्यांचे एकमत एकाच गोष्टीवर, की सहलीत समुद्र हवा. पत्रके टेबलावर ठेवून ते हळूच म्हणाले, "भाऊ, खरं सांगू का, मला लाज वाटते. लोक म्हणतील, समाजाचं काम सोडून हा समुद्रावर लोळायला गेला."

या लाजेविषयी आधी बोलले पाहिजे, देश कोणता ते नंतर पाहू.

आपल्या माणसाने सुट्टी घेतली की ती लग्नाची, मयताची, नाहीतर सहा डिसेंबरची. विश्रांतीसाठी रजा घेणे हे आपल्याला वरच्या वर्गाचे चोचले वाटतात. पण या देशातल्या कारखान्यातील कामगाराला कायद्याने पगारी रजा मिळाली ती १९४५ च्या दुरुस्तीने. वर्षभर सलग सेवा झाली की दहा दिवसांची भरपगारी सुट्टी. तेव्हा व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते बाबासाहेबांकडे होते. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या वेठबिगारीत राबवले, त्याच्या वाट्याला रिकामा दिवस यावा, त्या दिवशी त्याने काही न करता बसावे, हा विचार त्या कायद्यात आहे. आपण मात्र शिल्लक रजेचे पैसे करून घेतो आणि निवृत्तीनंतर गुडघे धरून बसतो.

आणि समुद्र आपल्याला परका कुठे आहे? विदर्भ-मराठवाड्यातल्या हजारो लोकांनी आयुष्यातला पहिला समुद्र पाहिला तो दादरला, चैत्यभूमीच्या मागे. माझे हे मित्र मूळचे नांदेडकडचे. वयाच्या नवव्या वर्षी वडिलांच्या खांद्यावरून त्यांनी तो पाहिला. रात्र शिवाजी पार्कवर काढली आणि सकाळी लाटेत पाय बुडवले. वडील ओरडले, "आज दुःखाचा दिवस आहे, खेळायचा नाही." ते बरोबरच होते. पण त्यानंतर खेळायचा दिवस काही आला नाही, तो राहूनच गेला.

आता देशांकडे वळू. थायलंड वाईट नाही. बँकॉकजवळचे अयुथ्या हे १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने उद्ध्वस्त केलेले राजधानीचे शहर. तिथे वडाच्या मुळांत गुरफटलेले बुद्धाचे शिर पाहून माणूस बोलेनासा होतो. दक्षिणेला क्राबीचा समुद्रही सुंदर आहे. पण आपल्याकडची पत्रके थायलंड म्हणजे पटाया एवढेच विकतात आणि अयुथ्या 'वेळ मिळाल्यास' या सदरात टाकतात. बालीबाबत एक घोटाळा नेहमी होतो. बोरोबुदूरचा महास्तूप बालीत नाही, तो जावा बेटावर आहे. तो पाहायचा तर विमानाने योग्यकर्ताला जावे लागते, आणि खर्च वाढतो. व्हिएतनामचे दा नांग आणि होई आन ही जोडी समुद्र आणि जुने शहर यासाठी उत्तम, पण आपल्यापासून लांब. ब्रह्मदेशात बागान आहे, नगापालीचा किनारा आहे, पण फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी उठावापासून तिथे जे चालले आहे ते पाहता कुटुंब घेऊन जा असे मी कोणाला सांगणार नाही.

माझे मत श्रीलंकेच्या बाजूने आहे. मुंबईहून कोलंबो सुमारे अडीच तास. मध्यमवर्गीय निवृत्तिवेतनधारकाला पेलेल असा देश. पाहण्याची ठिकाणे आणि समुद्र यांच्यात चार-पाच तासांपेक्षा जास्त अंतर क्वचितच. आणि बाबासाहेब स्वतः गेले होते. १९५० च्या मे महिन्यात कँडीच्या दालदा मालिगावात जागतिक बौद्ध परिषदेची स्थापना झाली तेव्हा ते तिथे होते. सोहळ्याला हार घालून घ्यायला ते गेले नव्हते. बुद्धाचा धम्म या बेटावर किती जिवंत आहे हे डोळ्यांनी तपासायला गेले होते. कोलंबोच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी तिथल्या अस्पृश्यांना बौद्ध धम्म स्वीकारण्याचे आवाहन केले. श्रीलंकेत अस्पृश्य कुठले, असे विचारणाऱ्याने पुढे वाचावे.

आधी मोसमाचे बोलू, कारण इथेच लोक फसतात. श्रीलंकेला दोन पावसाळे आहेत. बेंटोटा, हिक्कडुवा, उनावटुना, मिरिस्सा हा नैर्ऋत्येचा किनारा डिसेंबर ते मार्च चांगला. मे ते सप्टेंबर तिथे पाऊस आणि खवळलेला समुद्र. लाल झेंडा लावलेला असताना पाण्यात उतरून जीव गमावणारे पर्यटक दरवर्षी असतात. आपल्या मुलांच्या शाळांना सुट्टी मे महिन्यात. तेव्हा जायचे पूर्व किनाऱ्याला, त्रिंकोमालीजवळच्या निलावेलीला. त्या काळात तिथले पाणी शांत असते, वाळू पांढरी, समोर प्रवाळाचे पिजन बेट. दिवाळीची सुट्टी मात्र दोन्ही किनाऱ्यांना अडचणीची, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कुठेही पाऊस गाठतो. नोव्हेंबर २०२५ च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळाने तर शेकडो बळी घेतले आणि डोंगराळ भागातले रस्ते, रेल्वेमार्ग उखडले. तेव्हा कँडीच्या वर जाणाऱ्यांनी निघण्यापूर्वी मार्ग चालू आहे ना, याची चौकशी करावी.

पत्रकांतली गंमत पाहा. मित्रांच्या हातातल्या तिन्ही पत्रकांत सीतेला कुठे ठेवले होते ते ठिकाण होते, रावणाची गुहा होती. अनुराधपूर एकातही नव्हते! भारतातल्या सहल कंपन्या श्रीलंका विकतात ती रामायणाच्या वाटेने. सम्राट अशोकाचा मुलगा महिंद आणि मुलगी संघमित्रा ज्या बेटावर धम्म घेऊन गेली, संघमित्रेने नेलेली बोधिवृक्षाची फांदी जिथे सव्वादोन हजार वर्षांहून अधिक काळ जपली गेली, ते शहर 'कार्यक्रमात बसत नाही'. मग कार्यक्रम आपणच बनवावा.

कोलंबोहून अनुराधपूर सुमारे दोनशे किलोमीटर. तिथे दोन रात्री काढाव्यात. महाबोधीपुढे पहाटे जावे, पांढरे कपडे घातलेल्या बाया हातात कमळे घेऊन मुकाट्याने बसलेल्या असतात. ढकलाढकल नाही, पंड्याची दक्षिणा नाही. रुवनवेलिसाय स्तूप पांढराशुभ्र, जेतवनाराम विटांचा. तो मूळ १२२ मीटर उंच होता आणि तिसऱ्या शतकातल्या जगातल्या सर्वांत उंच वास्तूंपैकी एक होता. एक सूचना, दुपारी दगडी फरशी तव्यासारखी तापते आणि चपला बाहेर काढाव्याच लागतात, म्हणून जाड मोजे न्यावेत. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये, तिथे ते अपमानाचे मानतात.

अनुराधपूरहून त्रिंकोमालीच्या रस्त्यावरच मिहिंतले लागते. महिंद थेर आणि राजा देवानांपिय तिस्स यांची भेट झाली ती टेकडी. १८४० पायऱ्या आहेत, पण गुडघे दुखणाऱ्यांसाठी बराचसा रस्ता गाडीने चढता येतो. तिथून दोन-अडीच तासांत निलावेली. सकाळी धम्माची टेकडी, संध्याकाळी समुद्र. तीन दिवस तिथे काहीही पाहू नका. बसा. परतताना पोलोन्नरुवाच्या गल विहारातला महापरिनिर्वाणातला बुद्ध, दांबुल्लाची लेणी, मातलेजवळचे अलुविहार हे ओळीने होते. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाला दांबुल्ला घरचेच वाटेल. अलुविहारला मात्र मुद्दाम थांबा. तोंडपाठ चालत आलेले त्रिपिटक इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ताडपत्रांवर लिहिले गेले ते इथे, ही परंपरा आहे. शिकण्यालिहिण्याची बंदी सोसलेल्या माणसाला हे ठिकाण राजवाड्यापेक्षा मोठे वाटावे.

हिवाळ्यात नैर्ऋत्य किनाऱ्यावर जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी कोणताही गाईड सांगत नाही. बेंटोटाहून गालच्या दिशेने वीसेक किलोमीटरवर बालपिटिय लागते. तिथे मादू गंगेत होडीची सफर असते, खारफुटी दाखवतात, मगरीचे पिल्लू हातात देऊन पैसे मागतात. याच नदीच्या काठची ही हकिकत आहे. अठराव्या शतकात सयामहून भिक्खू आणून कँडीत उपसंपदा पुन्हा सुरू झाली, पण काही वर्षांतच ती गोविगम या वरच्या शेतकरी जातीपुरती बंद करण्यात आली. दालचिनी सोलणारे सलागम, मासे मारणारे कराव, ताडी काढणारे दुराव यांना भिक्खू होण्याची मनाई. बुद्धाच्या संघात जात! या किनाऱ्यावरचे सलागम गप्प बसले नाहीत. ज्ञानविमल नावाचे श्रामणेर सोबती घेऊन समुद्रमार्गे ब्रह्मदेशात अमरपूरला गेले, तिथे उपसंपदा घेतली आणि परत येऊन १८०३ मध्ये याच मादू गंगेच्या पाण्यावर सीमा आखून उपसंपदेचा विधी केला. त्यांचा तो अमरपूर निकाय. पुढे त्यातही जातींप्रमाणे फाटे फुटले, हेही सांगितले पाहिजे. पण ज्यांना राजाने दार बंद केले त्यांनी समुद्र ओलांडून धम्म आणला, हा इतिहास ज्या पाण्यावर घडला तिथे आपण होडीतून जातो आणि मगरीचे पिल्लू पाहून येतो.

नुवारा एलियाच्या चहाच्या मळ्यातही हेच. पत्रकात पाठीवर टोपली घेतलेल्या हसऱ्या बाईचा फोटो असतो. तिचे पूर्वज इंग्रजांनी तामिळनाडूतून आणलेले मजूर, त्यांतले बरेच दलित जातींतले. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने ते लाखोंनी देशहीन झाले. त्यांच्या अनेक वस्त्या आजही मळ्यातल्या चाळवजा ओळींत आहेत. फोटो काढण्यापूर्वी विचारावे. हातावर चार पैसे टेकवून काढू नये.

काही वाचक म्हणतील, ज्या देशात बौद्ध म्हणवणाऱ्या सत्तेने तामिळांवर अत्याचार केले, जाफनाचे ग्रंथालय १९८१ मध्ये जाळले गेले, त्या देशाला आपला पैसा का द्यावा? प्रश्न खरा आहे आणि मला त्याचे सोपे उत्तर सापडलेले नाही. मे २००९ मध्ये युद्ध संपले, जखम भरली असे तिथले तामिळही म्हणत नाहीत. मी एवढेच करीन की निलावेलीला मुक्काम करताना तिथल्या तामिळ किंवा मुस्लिम कुटुंबाच्या छोट्या घरगुती निवासात राहीन आणि पैसा तिथे देईन. भगवे चीवर दिसले म्हणून प्रत्येक शब्दाला माना डोलावणार नाही. बाबासाहेबही तिथे डोळे मिटून फिरले नव्हते.

मित्रांनी शेवटी पत्रके परत केली. चार कुटुंबे मिळून एक गाडी ठरवायची, मे महिन्यात जायचे, वेसाकच्या दिवसांत मिळाले तर उत्तमच. रस्त्यारस्त्यावर कंदील लागतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला जात-धर्म न विचारता फुकट जेवू घालतात, त्याला तिथे दन्सल म्हणतात. पारपत्राचे अर्ज भरून झाले आहेत. वहिनींनी जाताना दारात एकच शंका विचारली, "भावजी, तिथं समुद्रात साडीवर उतरलेलं चालतं ना?" चालते म्हणून सांगितले. पण पंजाबी ड्रेस न्या, ओली साडी लाटेत पायात अडकते.