बिनसाखरेच्या वड्या

खजुराच्या वड्यांची कृती कधी टाकतेस, असं गेल्या दिवाळीपासून निदान सहा जणांनी विचारून झालंय. आज टाकतेय. पण आधी थोडं ऐकून घ्यावं लागेल. (आत्या, तूसुद्धा. थेट कृतीवर उडी मारू नकोस!)

बाबांचा मधुमेह जुना. चहातली साखर त्यांनी २०११ साली सोडली ती कायमची. लग्नात जिलेबी समोर आली तरी ताटावर आडवा हात धरतात. अशा माणसासाठी आपण काहीतरी गोड करू शकतो, याचा मला कोण आनंद झाला होता! खजूर, बदाम, अक्रोड, अंजीर. साखर नाही, गूळ नाही, भट्टी नाही, पाकाची कटकट नाही. डबा भरला, झाकणावर स्केचपेनने मोठ्ठ्या अक्षरात लिहिलं, 'साखर अजिबात नाही', आणि दिला पाठवून. संपला की दुसरा. असे तीन महिने.

मग बाबांची तपासणी झाली. तीन महिन्यांची सरासरी सांगणारा तो आकडा, एचबीएवनसी, ७.१ वरून ८.४ वर गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, खाण्यात काही बदल? बाबा म्हणाले, "दोन-तीन लग्नं झाली." आईने घरी येऊन मला फोन केला तेव्हा कळलं, की बाबा रोज चार वड्या खात होते. दोन चहाबरोबर, दोन रात्री. आणि डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण "पोरगी एवढं करून पाठवते, तिच्या वड्यांवर कशाला आणायचं?"

त्या रात्री मी वजनकाटा घेऊन बसले. जे आधी करायला हवं होतं ते. माझ्या एका घाण्यात बिया काढलेला ३०० ग्रॅम खजूर पडतो आणि वड्या होतात २४. खजुरात वजनाच्या जवळजवळ दोन तृतीयांश साखरच असते. म्हणजे वडीमागे आठ ग्रॅम, चहाचे दोन चमचे. चार वड्या म्हणजे आठ चमचे! ज्या माणसाने चहातला एक चमचा सोडला, त्याला मी रोज आठ चमचे भरवत होते, वर झाकणावर खोटं लिहून.

"अगं पण ती नैसर्गिक साखर!" हे वाक्य मला आता ऐकवत नाही. उसाची काय कारखान्यात उगवते? साखर पोटात गेली की तिचं ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि खजुरात मुळात तेच दोन असतात. खजुरात तंतू असतात, बदाम-अक्रोडातल्या स्निग्धांशाने साखर जरा सावकाश चढते, हे खरं. पेढ्यापेक्षा ही वडी बरी, हेही मान्य. पण 'बरी' आणि 'चालेल तितकी खा' यात फरक आहे. आपल्याकडे २०१८ च्या नियमांप्रमाणे 'शुगर फ्री' लिहायला १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर चालत नाही. दुकानदाराला तेवढा तरी धाक. घरच्या डब्याला कोण विचारतंय? तिथे प्रेमाचं लेबल असतं, आणि ते कुणी तपासत नाही.

माझं म्हणणं इतकंच, की हिला मिठाई म्हणा. 'हेल्दी' म्हटलं की हात सुटतो.

असो. कृती. पाऊण वाटी बदाम, अर्धी वाटी अक्रोड मंद आचेवर भाजून पूर्ण गार करा. गरम असताना मिक्सरला लावलेत तर तेल सुटून गोळा होतो (अनुभव!). भरड ठेवा, पीठ नको. चमचाभर तुपावर ३०० ग्रॅम काळा मऊ खजूर आणि पाच-सहा बारीक चिरलेले सुके अंजीर परता, डावाने दाबत राहा, गोळा कढई सोडू लागला की गॅस बंद. मग सुंठ एक चमचा, वेलची, जायफळ, चिमूटभर दालचिनी आणि मीठ. मीठ विसरू नका, त्याशिवाय वडी नुसती गोडमिट्ट लागते. मसाला आचेवर घातला तर वास उडून जातो. भरड मिसळा, तूप लावलेल्या थाळीत वाटीच्या बुडाने थापा, वर खसखस. (दुबईकरांनी तीळ घ्यावेत, तिकडे खसखशीला बंदी आहे.) दोन तासांनी कापा.

मी हल्ली निम्मा खजूर, दुप्पट अक्रोड घेते. वड्या जरा भुसभुशीत होतात, कडा तुटतात. परवाच्या डब्यावर लिहिलं, 'एका वडीत साखर एक चमचा. दिवसाला एक.' संध्याकाळी बाबांचा फोन.

"अगं, हे औषधाच्या बाटलीसारखं काय लिहिलंयस?"

"बाबा, डॉक्टरांना सांगितलंत का वड्यांचं?"

थोडा वेळ काहीच नाही. मग म्हणाले, "सोमवारी जायचंय. डबा घेऊनच जातो. त्यांनाही एक देतो."