केना आणि तळटीप

ग्रामीण कवितेत रानातल्या एखाद्या वनस्पतीचे नाव आले की तळटीप पुष्कळदा एवढेच सांगते : ‘एक प्रकारचे तण’. टीप खोटी नसते. पण ती बांधावर उभ्या राहिलेल्या मालकाच्या नजरेने लिहिलेली असते, वाकून खुरपणारणीच्या नव्हे. केन्याचेच पाहा.

पावसाळ्यात लोह्याकडच्या काळ्या रानात, ओल धरून राहणाऱ्या जागी, केना जमिनीलगत पसरतो. त्याचे इवले निळे फूल सकाळी उमलते नि दुपारपर्यंत मिटते. तीन पाकळ्यांपैकी दोन ठसठशीत, तिसरी नावापुरती. लिनिअसने या वनस्पतीला डच कॉमेलिन घराण्याचे नाव दिले ते यावरूनच : दोघे कॉमेलिन वनस्पतिशास्त्रात नावाजले, तिसरा काही करून दाखवण्याआधीच वारला. रूक्ष म्हणून हिणवल्या जाणाऱ्या शास्त्रीय नामकरणात एवढी कथा मावते, हे आपण साहित्यवाल्यांनी लक्षात घ्यायला हरकत नाही.

केन्याला जमिनीखालीही फुले येतात. ती कधीच उमलत नाहीत. मिटलेल्या स्थितीतच त्यांत बी धरते. शिवाय तुटलेला तुकडा ओल्या मातीत पडला तरी पेरांना मुळे फुटतात. म्हणून केना उपटून तिथेच टाकून भागत नाही. आणि याच उपद्रवी केन्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी होते, भजी होतात. वैर आणि जेवण एकाच शब्दात नांदते. ‘तण’ म्हटले की त्यातले अर्धे गळून पडते.

नोव्हालिसच्या मृत्यूनंतर १८०२ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीतले स्वप्नातील निळे फूल स्वच्छंदतावादाचे प्रतीक म्हणून आपण वर्गात शिकवतो. जरूर शिकवावे. परंतु महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ (१९६७) येऊन अर्धशतक उलटले, तरी रानातल्या शब्दांना आपण ‘बोलीचा गोडवा’ म्हणून दाद देतो आणि अर्थ विचारायचे टाळतो. ही दाद मला एक प्रकारची बेपर्वाई वाटते.

आता तणनाशकांमुळे खुरपणी कमी होत चालली आहे. (केना ग्लायफोसेटलाही सहजी बधत नाही, हा त्याचा स्वभाव!) वनस्पती तगेल, तिला हाताने ओळखणाऱ्या बायकांचे ज्ञान तगेलच असे नाही. लोहा-कंधार भागात मराठी शिकणाऱ्या कितीतरी मुलामुलींच्या आया-आज्यांनी जन्मभर खुरपे चालवले आहे. येत्या पावसाळ्यात त्यांच्याकडून दहा तणांची नावे, ओळखीच्या खुणा आणि उपयोग लिहून आणण्याचे काम विद्यार्थ्यांना द्यावे, आणि पुढच्या आवृत्तीची तळटीप त्यांनाच लिहू द्यावी.