अरण्याचे ऋण

मुंबईत नळ सोडला की पाणी येते; परंतु ते कोठून येते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. कसाऱ्याकडे जाणारी गाडी आटगाव स्थानकात थांबली म्हणजे पश्चिमेकडे माहुलीचे सुळके दिसतात. त्यांच्या उत्तरेस, रानाच्या कुशीत, तानसा तलाव पसरलेला आहे. १८९२ साली त्याचे धरण पुरे झाले. तेव्हापासून तो मुंबईची तहान भागवीत आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या सात तलावांतील सर्वांत मोठा असा भातसा तलावही याच शहापूर तालुक्यात आहे.

तथापि, केवळ भिंत बांधल्याने तलाव टिकत नाही. येथील भूमी काळ्या कातळाची असून डोंगरउतारांवर मातीचा थर पातळ आहे. चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो. उतार उघडा असेल, तर पाणी मातीसह धावत सुटते आणि तलावात गाळ साचतो. साग, ऐन, खैर, मोह अशी झाडी असेल तेथे मात्र मुळे माती धरून ठेवतात व पाचोळ्याखाली पाणी हळूहळू मुरते. तलावाचा खरा रखवालदार अरण्यच होय.

हे अरण्य दुर्मिळ जीवांचेही आश्रयस्थान आहे. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ नाहीसा झाला असे मानलेला वनपिंगळा १९९७ साली शहाद्याजवळ पुन्हा आढळला आणि २०१४ साली तो तानसाच्या रानातही दिसला.

याच रानात वारली, ठाकूर, कातकरी, महादेव कोळी पिढ्यान् पिढ्या राहत आले आहेत. परंतु कातळ पाणी फारसे साठवीत नाही. त्यामुळे अनेक पाड्यांच्या विहिरी चैत्र-वैशाखात आटतात आणि डोक्यावर हंडे घेऊन स्त्रियांना दूरवर जावे लागते. खाली तलाव भरलेला आणि वर पाडा तहानलेला, हे दृश्य कोणत्याही समाजास भूषणावह नाही.

महानगराची तहान मोठी आहे, हे खरे. पण तिच्यापुढे पाड्यांची गरज ओंजळीएवढीच आहे. पाड्यांना पाणी देणे आणि रान राखणे हे नगरवासीयांचे औदार्य नव्हे. ती ऋणाची फेड आहे. ज्याच्या अंगणातून पाणी येते, त्याचा घडा प्रथम भरावा, हाच न्याय होय.