पडदा हवा, पण खुर्ची सोडायला हवी

विज्ञानकथांमध्ये अंतराळयाने, यंत्रमानव, परग्रहवासी सगळे असते. पण त्या जगातली माणसे करमणूक कशी करून घेतात, याकडे आपले फारसे लक्ष जात नाही. आरोग्याच्या दृष्टीने खरा इशारा तिथेच आहे.

रे ब्रॅडबरी यांच्या १९५३ च्या ‘फॅरनहाइट ४५१’ कादंबरीत नायकाच्या घरी तीन भिंती म्हणजे पडदेच आहेत आणि पत्नीला चौथाही हवा आहे. पडद्यावरच्या पात्रांना ती कुटुंब मानते. झोपेच्या गोळ्या किती घेतल्या, हे मात्र तिला आठवत नाही. ‘वॉल-ई’ (२००८) या चित्रपटात पृथ्वी सोडून गेलेली माणसे पिढ्यान् पिढ्या तरंगत्या खुर्च्यांत पडून आहेत. डोळ्यांसमोर पडदा, शरीर फुगलेले, हाडे खंगलेली. आपल्या यानात पोहण्याचा तलाव आहे, हे एका बाईला तिचा पडदा बंद झाल्यावरच कळते.

ही अतिशयोक्ती असली तरी हाडांचे शास्त्र खरे आहे. अंतराळात शरीराचे वजन पेलावे लागत नाही, म्हणून कंबर-मांडीच्या हाडांची घनता महिन्याला १ ते १.५ टक्क्यांनी घटू शकते. त्यासाठी अंतराळ स्थानकावर रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात. सिनेमा तेथेही पाहतात. २०१५ मध्ये ‘द मार्शियन’ पाहिला गेला. पण व्यायामाला सुट्टी नाही.

‘स्टार ट्रेक : एंटरप्राइज’ या मालिकेत यानावरचे सगळे एकत्र बसून जुने चित्रपट पाहतात. त्यातला परग्रहावरचा डॉक्टर पडद्याइतकेच प्रेक्षकांकडे पाहतो. खोट्या गोष्टीवर माणसांना खरे रडू येते, याचे त्याला नवल वाटते.

आपल्या भागात जत्रेतल्या तंबूतला सिनेमा असाच होता. चालत जायचे, दाटीने बसायचे, तीन तासांत खेळ संपायचा आणि वाटेने त्याचीच चर्चा. आता मोबाइलचा खेळ संपतच नाही. सरकारी दवाखान्याच्या बाह्यरुग्ण विभागात मोबाइलशिवाय घास न घेणारी लेकरे रोज दिसतात. त्यांच्या आईला बोल लावून उपयोग नाही. शेत, चूल, पाणी सगळे तिच्याच माथी. लेकरू सांभाळायला घरातले दुसरे कोणी पुढे यायला हवे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनेनुसार दोन वर्षांखालील मुलांना पडदा नकोच. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला फार तर एक तास, त्याहून कमी तर उत्तम. मोठ्यांनीही जेवताना आणि झोपण्याआधी मोबाइल बाजूला ठेवावा, अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे.

सिनेमा जरूर पाहा, शक्यतो चारचौघांत. आणि तो संपला की उठा.