पटावरचे नाव आणि पडद्यापुढचे मूल

सन २०११ च्या ऑक्टोबर महिन्यात महाराष्ट्र शासनाने सलग तीन दिवस राज्यभर शाळांची पटपडताळणी केली, हे आपल्यातील शिक्षक बंधुभगिनींना आठवत असेल. पटावर नावे होती. परंतु कित्येक वर्गांत तेवढी मुले नव्हती. तेथे निदान बाकांवरची मुले मोजता आली. शाळा संगणकाच्या पडद्यावरच भरत असेल, तर हजेरी कशी मोजावी आणि शासनाने पैसे नेमके कशाचे द्यावेत? अमेरिकेतील काही राज्यांनी या प्रश्नावर कायदे केले आहेत. त्यांचा अनुभव आपण समजून घ्यावा असे आम्हाला वाटते.

ओहायो राज्यात २००० साली ‘इलेक्ट्रॉनिक क्लासरूम ऑफ टुमॉरो’ ही ऑनलाइन शाळा सुरू झाली. शासन तिला विद्यार्थीसंख्येनुसार पैसे देई. वर्षाला ९२० तासांच्या शिक्षणाची ‘संधी’ देणे कायद्याने आवश्यक होते. २०१५-१६ या वर्षासाठी शाळेने १५ हजारांहून अधिक पूर्णवेळ विद्यार्थी दाखवले. शासनाने संगणकावरील नोंदी तपासल्या, तेव्हा सुमारे ६,३०० विद्यार्थ्यांइतक्याच अभ्यासाचा पुरावा मिळाला. ‘कायदा संधी देण्यास सांगतो, मुलाने ती घेतलीच पाहिजे असे म्हणत नाही,’ असा शाळेचा बचाव होता. ऑगस्ट २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध दोन मतांनी तो फेटाळला. दोन वर्षांची मिळून सुमारे ८ कोटी डॉलरची वसुली निघाली होती. मात्र निकालापूर्वीच, जानेवारी २०१८ मध्ये, शाळा बंद पडली आणि सुमारे १२ हजार मुले ऐन वर्षाच्या मध्यावर शाळेविना राहिली. कायद्यातील एका सैल शब्दाची ही किंमत!

फ्लोरिडाने वेगळा मार्ग धरला. तेथील सार्वजनिक ऑनलाइन शाळा १९९७ मध्ये सुरू झाली. २००३ पासून तिचे अनुदान नावनोंदणीवर नव्हे, तर विद्यार्थ्याने अभ्यासक्रम यशस्वीपणे पूर्ण करण्यावर ठरू लागले. मूल मध्येच गळाले, तर पैसे नाहीत. साहजिकच त्याला फोन करणे, पालकांशी बोलणे, मागे पडल्यास हात देणे ही शाळेचीच गरज झाली.

या पद्धतीलाही दुसरी बाजू आहे. पैसे उत्तीर्ण होण्यावर अवलंबून असतील, तर गुण सैल हाताने देण्याचा मोह होतो. कच्च्या मुलाला प्रवेशच नको, असाही विचार बळावू शकतो. म्हणून परीक्षा त्रयस्थाने घेणे आणि प्रवेश सर्वांना खुला ठेवणे अगत्याचे ठरते.

युटा राज्याच्या २०११ च्या कायद्याने मधला तोडगा काढला. मुलाच्या स्थानिक शाळेच्या वाट्यातून ऑनलाइन अभ्यासक्रमाचे शुल्क दिले जाते. त्यातील निम्मी रक्कम अभ्यासक्रम चालू असताना आणि उरलेली तो पूर्ण झाल्यावर मिळते. शिकवण्याचा खर्चही निघतो आणि मुलाला शेवटापर्यंत नेण्याची जबाबदारीही टळत नाही. आम्हाला हा तोडगा अधिक न्याय्य वाटतो.

ऑनलाइन शिक्षणाला आमचा विरोध नाही. आजारी मुलाला, नोकरी करून शिकणाऱ्याला किंवा हवा तो विषय गावात न मिळणाऱ्याला त्याचा खरा आधार आहे. परंतु २०२० च्या टाळेबंदीत आपण घरोघरी पाहिले, की मोबाईल सुरू असे आणि मूल मात्र दुसऱ्याच विश्वात असे. उपस्थिती आणि शिक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तेव्हा प्रत्येक आईवडिलांना कळून चुकले.

आपल्या राज्यातही अशा शिक्षणासाठी पैशाची तरतूद करण्याची वेळ येईल. तेव्हा रक्कम किती, एवढेच विचारून भागणार नाही. ती कशावर दिली जाणार, नोंदी कोण तपासणार आणि शाळा बंद पडल्यास मुलांचे काय, हे तीन प्रश्न पालकांनी आपल्या लोकप्रतिनिधींना आधीच विचारले पाहिजेत. जनतेचा पैसा ही विश्वासाने सोपवलेली ठेव आहे. आणि वाया गेलेला पैसा एक वेळ वसूल होईल, मुलाचे वाया गेलेले वर्ष मात्र परत येत नाही.