हंसांना पगारी माणूस, टिबुकलीला जेसीबी

एक्स्चेंज सेमिस्टरला हॅम्बुर्गला निघालो तेव्हा रूमपार्टनरने बजावलं होतं, "फोटो पाठव रे." त्याला गाड्यांचे फोटो हवे होते. मी पाठवत राहिलो एका हंसिणीचे, एकाच जागी बसलेल्या. शेवटी त्याने विचारलं, "ही जिवंत आहे ना?"

होती. आमच्या हॉस्टेलजवळच्या पार्कातल्या तळ्याकाठी काड्यांचा मीटरभर रुंद ढीग रचून ती अंड्यांवर बसली होती. एप्रिल ते मे, चांगले पाच आठवडे. लेक्चरला जाताना बसलेली, येताना बसलेली. मधूनच उठून चोचीने अंडी फिरवायची, एखादी काडी ओढून घ्यायची, की पुन्हा बैठक. नवरा पाण्यात गस्तीवर. चोचीच्या मुळाशी काळं टेंगूळ असतं, नराचं मोठं. कुत्रं जवळ आलं की हा पंख शिडासारखे उभारून फुत्कारत यायचा. आपल्या रेक्टर सरांचा राउंड आठवायचा (सर, हलकेच घ्या).

नीरक्षीरविवेक वगैरे काही दिसला नाही. मान बुडवून पाणवनस्पती खातात, बस्स. आपल्या उजनीला हिवाळ्यात येणारा, डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला हंस वेगळा. तो या पांढऱ्याचा चुलतभाऊ.

पण खरं नवल माणसांचं. हॅम्बुर्गमध्ये हंसांना त्रास देणं १६६४ पासून गुन्हा आहे! तिथल्या आल्स्टर तलावातल्या हंसांसाठी शहराचा पगारी माणूस आहे, लोक त्याला 'हंसांचा बाप' म्हणतात. थंडी पडायला लागली की तो त्यांना बोटींतून दुसऱ्या तळ्यात नेतो, तिथलं पाणी गोठू देत नाहीत. वसंतात परत आणून सोडतो.

कोणी म्हणेल, श्रीमंतांचे चोचले. असतीलही. पण आपल्याकडे पैसे घालून काय झालं ते बघा. मागच्या जुलैत आपल्या मेसमागच्या तळ्याचं 'सुशोभीकरण' निघालं. जेसीबीने काठावरचं गवत, पाणकणीस सगळं खरवडलं. त्याच गवतात टिबुकलीचं तरंगतं घरटं होतं. आम्ही चौघं गेलो सांगायला, तर उत्तर मिळालं, "बदकं काय, दुसरीकडे जातील." पहिली गोष्ट, टिबुकली बदक नव्हे. दुसरी, अंडी कशी जाणार दुसरीकडे?

आम्ही पगारी बाप मागत नाही. काठ बांधायचाय? बांधा, पण एका बाजूचं गवत ठेवा आणि काम जानेवारीत काढा. टिबुकली, हळदी-कुंकू बदक, पाणकोंबडी यांची वीण मुख्यतः पावसाळ्यात असते. तेवढे चार महिने थांबायला एक रुपया लागत नाही. टेंडरमध्ये तारीख टाकायची, झालं. सिव्हिलवाल्यांनो, हे तुम्हीच पटवून देऊ शकता.

यंदा टिबुकलीची जोडी परत आली आहे. पंपहाउसच्या बाजूला थोडं गवत उरलंय, तिथे. बघायचं असेल तर सकाळी सहाला या. आणि स्लिपर फटफटवत येऊ नका, ती लगेच बुडी मारते.