दार लोटून ठेवलेलं आजारपण

घरात कुणाला मोठं दुखणं निघालं की मध्यमवर्गीय मराठी कुटुंबात पहिला निर्णय डॉक्टरांविषयी होतो आणि दुसरा, तितक्याच तातडीने, मुलांविषयी: त्यांना काही कळू द्यायचं नाही. फाइल कपाटाच्या वरच्या फळीवर जाते, फोन आला की वडील गॅलरीत जाऊन बोलतात, मूल खोलीत शिरलं की मोठ्यांचं बोलणं अर्ध्यात तुटतं. ‘आजीला जरा बरं नाहीये, तू तुझा अभ्यास कर,’ एवढ्यावर विषय मिटवला जातो. दहावीचं वर्ष असेल तर विचारायलाच नको. बायॉप्सीत काय निघालं हे बोर्डाचा शेवटचा पेपर होईपर्यंत गुलदस्त्यात राहतं. या सगळ्यामागे माया असते, याविषयी शंका नाही. पण या लपवाछपवीने मुलाची भीती कमी होत नाही, उलट त्या भीतीत ते एकटं पडतं. घरातलं आजारपण आणि म्हातारपण मुलांना सांगावं, दिसू द्यावं आणि त्यातलं त्यांना झेपेल असं एखादं खरंखुरं काम त्यांच्याकडे सोपवावं, असं माझं म्हणणं आहे.

मुळात लपवणं जमतच नाही. मायरा ब्लूबाँड-लँगनर या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी रक्ताच्या कर्करोगाने आजारी असलेल्या लहान मुलांमध्ये राहून केलेला अभ्यास १९७८मध्ये पुस्तकरूपाने आला. मुलं तीन ते नऊ वर्षांची. त्यांना त्यांच्या आजाराविषयी कुणी धड काही सांगत नव्हतं. तरीही औषधांची नावं, त्यांचे परिणाम आणि अखेर आपण वाचणार नाही ही गोष्टसुद्धा त्यांनी आपापली ताडली होती. कुणी कुजबुजलं, कुणाचे डोळे लाल दिसले, शेजारच्या खाटेवरचं मूल एके दिवशी दिसेनासं झालं, त्यावरून. आणि आईवडिलांना त्रास नको म्हणून ती मुलं आपल्याला काही ठाऊकच नाही असं दाखवत राहिली. आता हे स्वतः आजारी असलेल्या मुलांबद्दल आहे, आजोबांच्या आजाराबद्दल नाही, असं कुणी म्हणेल. पण मूल मोठ्यांचे चेहरे वाचतं ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच. वन बीएचकेत तर भिंतीही साथ देत नाहीत. म्हातारपण, आजार आणि मरण सिद्धार्थाच्या नजरेआड ठेवणं कपिलवस्तूच्या राजवाड्याला साधलं नाही, ते आपल्या हॉलमधल्या पडद्याने कसं साधावं?

मग उरतं ते अर्धवट कळणं, आणि अर्धवट कळण्यातली पोकळी मूल स्वतःच्या कल्पनेने भरतं. मारिया नॉज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी बुडापेस्ट परिसरातल्या तीन ते दहा वर्षांच्या ३७८ मुलांकडून मृत्यूविषयीच्या कल्पना गोळा करून १९४८मध्ये त्या मांडल्या. पाच वर्षांच्या आतल्या पुष्कळ मुलांच्या लेखी मरण म्हणजे झोप किंवा प्रवास होता, म्हणजे ज्यातून माणूस परत येतो अशी अवस्था. पुढे १९८४मध्ये स्पीस आणि ब्रेंट या दोन संशोधकांनी तोवरच्या अनेक अभ्यासांचा आढावा घेतला. मेलेलं माणूस परत येत नाही, त्याचं शरीर काम करत नाही आणि हे सगळ्यांच्याच वाट्याला येतं, या तीन गोष्टी बहुतेक मुलांना पाच ते सात वर्षांच्या दरम्यान उमजतात, असं त्यांना दिसलं. म्हणजे पहिली-दुसरीतलं मूल सरळ उत्तर पेलू शकतं. आपण मात्र त्याला सांगतो की आजोबा गावाला गेलेत. चार वर्षांचं मूल हे अक्षरशः खरं मानून खिडकीशी वाट बघतं आणि सात वर्षांच्या मुलाला पटत नाही. त्यातून ते एवढाच धडा घेतं की या बाबतीत घरचे खरं बोलत नाहीत.

हा प्रश्न एखाद-दुसऱ्या घराचा राहिलेला नाही. २०११च्या जनगणनेत साठी ओलांडलेले भारतीय सुमारे १० कोटी ४० लाख होते. महाराष्ट्रात लोकसंख्येच्या ९.९ टक्के, गोव्यात ११.२ टक्के. त्यानंतर हा आकडा वाढतच गेला आहे. २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर नेली, आणि त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका अभ्यासाने साठीपुढच्या सुमारे ८८ लाख भारतीयांना डिमेन्शिया असल्याचा अंदाज दिला. हे लोक बहुतांशी वृद्धाश्रमात नाहीत, घरात आहेत. आणि शहरातल्या ज्या घरात आईवडील दोघं नोकरी करतात, तिथे दुपारी तीन वाजता कोण असतं? शाळेतून आलेलं मूल आणि आजी-आजोबा. या वेळी आजीला दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले आणि ती असंबद्ध बोलू लागली, तर तिची साखर उतरली असेल हे ओळखणारं त्या घरात दुसरं कुणी नाही. शुद्धीत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजायची, पंधरा मिनिटांनी साखर पुन्हा तपासायची, आकडा ७०च्या खालीच असेल तर परत द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही आणि १०८ फिरवायचा. हे दहा वर्षांच्या मुलाला समजावून द्यायला अर्धा तास लागत नाही. पक्षाघाताचंही तसंच. चेहऱ्याची एक बाजू ओघळली, एक हात वर उचलत नाही, जीभ जड झाली, की उशीर करायचा नाही, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. ग्रीसमध्ये थेस्सलोनिकीच्या मॅसेडोनिया विद्यापीठाने नेमका हाच धडा पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी गोष्टी आणि खेळांतून बसवला, तोसुद्धा आजी-आजोबांना डोळ्यांपुढे ठेवून. आपल्याकडे सहावीतल्या मुलाला सातवाहनांची राजधानी तोंडपाठ असते आणि घरातलं ग्लुकोमीटर कुठल्या खणात ठेवलंय हे माहीत नसतं.

तरी याला केवळ प्रथमोपचाराचं शिक्षण समजू नये. मूल म्हातारपणाकडे कसं बघायला शिकतं, हा त्याहून खोल भाग आहे. ‘साठी बुद्धी नाठी’ हे आपण आजोबांच्या समोर, हसत हसत म्हणतो. आजोबांनी तोच प्रश्न पाचव्यांदा विचारला की मूल वैतागतं किंवा त्यांची नक्कल करून टाळ्या मिळवतं, कारण त्यांच्या मेंदूला आजार झाला आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. त्याच्या दृष्टीने आजोबा मुद्दाम छळत असतात. हे एकदा नीट सांगितलं की तेच मूल सहाव्यांदाही उत्तर देतं, आणि पुष्कळदा आईवडिलांपेक्षा शांतपणे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या अहवालानुसार वयाविषयीचे समज मुलांच्या मनात चौथ्या वर्षापासूनच रुजू लागतात. येल विद्यापीठाच्या बेका लेव्ही यांनी याचं दुसरं टोक दाखवलं. ओहायोतल्या एका गावातल्या ६६० जणांच्या नोंदींत, स्वतःच्या वाढत्या वयाकडे बऱ्या नजरेने बघणारी माणसं इतरांहून सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली होती. तरुणपणी म्हाताऱ्यांविषयी वाईट समज बाळगणाऱ्यांना पुढे हृदयविकाराचा त्रास अधिक झाल्याचंही त्यांच्या दुसऱ्या अभ्यासात दिसलं. असल्या आकड्यांवरून समजामुळेच आयुष्य घटतं असा थेट निष्कर्ष काढण्याची घाई मी करणार नाही. पण आजोबांची टिंगल करायला शिकलेलं मूल एक दिवस त्याच वयाला पोचणार आहे, हे ध्यानात घ्यायला अभ्यासाचीही गरज नाही.

शाळांनी यात काही केलं नाही असं नाही. राज्यातल्या शाळांत अलीकडे सप्टेंबरमध्ये आजी-आजोबा दिवस साजरा होतो. गाणी होतात, संगीत खुर्ची होते, झाड लावलं जातं, फोटो निघतात. छानच. मात्र त्या मंडपात येतात ते चालते-बोलते, धडधाकट आजी-आजोबा. ज्यांना डायपर लागतो, जे नातवाचं नाव विसरलेत, ते या कार्यक्रमात कुठेच नसतात, आणि त्यांचं नातवंड त्या दिवशी वर्गात गप्प बसतं.

आता आक्षेप. मूल कोवळं असतं, त्याच्या मनावर परिणाम होईल, हा पहिला. होईल, घरात कुणी खंगत असेल तर परिणाम व्हायलाच हवा. सांगितल्यानंतरचं दुःख मूल आईच्या कुशीत शिरून रडू शकतं, न सांगितलेल्याचं मात्र त्याला नावही देता येत नाही. अर्थात सांगणं म्हणजे सगळा रिपोर्ट वाचून दाखवणं नव्हे. मूल विचारील तेवढं, त्याला कळेल अशा शब्दांत, आणि यात तुझा काही दोष नाही हे न विसरता सांगणं पुरतं. लहान मुलांना आपण हट्ट केला म्हणून आजी आजारी पडली असं सर्रास वाटत असतं. परीक्षेचा आक्षेप त्या मानाने किरकोळ आहे. घरात काय चाललंय याचा थांग न लागलेलं मूल पुस्तक उघडून बसतं, अभ्यास करत नाही.

वजनदार आक्षेप वेगळाच आहे, आणि तो मध्यमवर्गाबाहेरून येतो. लाखो मुलांना सेवा शिकवायची गरज नाही, ती तिच्याखाली दबलेली आहेत. दिवाळीच्या सुमारास बीडकडचे ऊसतोड मजूर गाव सोडतात. पाठीमागे राहिलेली मुलं आजीआजोबांच्या आधाराने राहतात, आणि आजीचा गुडघा धरला की आधार कोण कुणाचा हे उलटतं. पाणी, चूल, धाकटी भावंडं आणि खाटेवरचं म्हातारं माणूस, सगळं अकरा-बारा वर्षांच्या मुलीवर येतं, आणि तिची शाळा सुटते. ब्रिटनने २०१४च्या कायद्यांत अशा मुलांची गरज तपासण्याची जबाबदारी इंग्लंडमधल्या स्थानिक प्रशासनावर टाकली. आपल्याकडे त्यांची मोजदादही नाही. हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, म्हणूनच ‘झेपेल असं’ या शर्तीवर माझा जोर आहे. सोमवार ते रविवार असे खण असलेल्या डबीत गोळ्या आईच्या देखरेखीखाली भरणं, संध्याकाळी आजोबांबरोबर सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन येणं, श्रवणयंत्राची बॅटरी बदलणं, पेपर वाचून दाखवणं, ही मुलाची कामं. अंघोळ घालणं, रात्री जागणं, इन्सुलिनचं माप ठरवणं ही नाहीत. ज्या कामाने शाळा बुडते ते काम मुलाचं नाही, मग घर श्रीमंताचं असो की गरिबाचं.

आणि वाटणी करताना मुलगा-मुलगी पाहू नये. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळवापर पाहणीत १५ ते ५९ वयोगटातल्या ४१ टक्के स्त्रिया घरातल्या माणसांच्या देखभालीत सहभागी होत्या, पुरुष २१.४ टक्के, त्या कामाला स्त्रिया दिवसाची सुमारे १४० मिनिटं देत होत्या, पुरुष ७४. या दरीची सुरुवात लहानपणीच होते: मुलीने आजीला जेवण भरवायचं आणि मुलाने केमिस्टकडे सायकलवर जायचं. गोळ्या आणणं हेही काम आहेच, पण घराबाहेरचं. थरथरत्या हातात पेला धरवून तो सांडणार नाही एवढा वेळ शेजारी उभं राहणं मुलग्यालाही यायला हवं.

यात एक माणूस आपण हमखास विसरतो: खुद्द आजारी असलेलं. आपल्याकडे कितीतरी घरांत कर्करोग झाल्याचं आजोबांनाच सांगितलेलं नसतं. ‘खचून जातील’ म्हणून मुलगे-सुना डॉक्टरांना बाहेर गाठून बोलतात. नातवाला सांगितलं तर तो आजोबांपाशी बोलून बसेल, ही मुलांना गप्प ठेवण्यामागची खरी अडचण बऱ्याचदा असते. म्हणजे घरातली सर्वांत लहान आणि सर्वांत मोठी माणसं, दोघंही एकाच अंधारात, आणि मधली पिढी पहाऱ्यावर. क्रम असा हवा की आधी आजोबांना, त्यांना हवं तितकं सांगायचं. मग नातवंडांना काय आणि कुणी सांगायचं हे त्यांनाच विचारायचं. काहींना आपलं विकल शरीर नातवाने बघू नये असं वाटेल, आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण ‘त्यांना आवडणार नाही’ हे परस्पर ठरवण्याचा अधिकार मुलांना-सुनांना कुणी दिलेला नाही. केरळात कोझिकोडला १९९३मध्ये सुरू झालेल्या वेदनाशामक सेवेतून पुढे गावोगाव शेजाऱ्यापाजाऱ्यांची जाळी उभी राहिली आणि त्यात विद्यार्थीही रुग्णांच्या घरी जाऊ लागले. परक्याच्या आजीपाशी जाऊन बसणारी मुलं तिथे आहेत. इथे स्वतःच्या आजीच्या खोलीत जायला मनाई.

खोलीच्या आधी रुग्णालयाचं फाटकही लागतं. अनेक रुग्णालयांच्या दारावर बारा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही अशी पाटी असते. अतिदक्षता विभागात तिचं कारण उघड आहे: संसर्ग, यंत्रं, गर्दी. पण साध्या वॉर्डात, आणि विशेषतः जिथे आता बरं करायचं काही उरलेलं नसतं तिथे, ताप-खोकला नसलेल्या नातवाला आजीपाशी पंधरा मिनिटं बसू द्यायला काय हरकत आहे, हे रुग्णालयांनी एकदा सांगावं. आठवड्यातली एक दुपार मुलांच्या भेटीसाठी ठेवली आणि आत जाण्यापूर्वी नळ्या कसल्या, मुखवटा कशासाठी, हे दोन मिनिटांत सांगणारी एक परिचारिका दारात उभी केली, तर त्याला वेगळा निधी लागत नाही.